सातवी ब चं अंदाजपत्रक

गणिताच्या शिक्षकाला पैशातलं कळतं, असं आमच्या मुख्याध्यापकांचं मत आहे. माझं पगारबिल त्यांच्याच सहीने पुढे जातं, तरीही. 'मुलांना आर्थिक साक्षरता द्या' म्हणत त्यांनी शुक्रवारचा शेवटचा तास माझ्या गळ्यात मारला. वर्ग सातवी ब.

फळ्यावर एक कुटुंब काढलं. चार माणसं, महिन्याची मिळकत २५,००० रुपये. भाडं, किराणा, वीज, फी, मोबाईल, बचत असे रकाने पाडले. बेरीज घरूनच जुळवून आणली होती.

"सर, पंचवीस हातात की कापायच्या आधीचे?"

"हातात."

"भाड्याचं घर म्हणजे डिपॉझिट कोणी भरलं?"

"आजी गावाला असते का? मग तांदूळ तिकडून येणार ना!"

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी त्यांनी माझ्या कुटुंबाची चौकशी मांडली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मे महिना धरला तर यात आहेर कुठाय?" नव्हता. बचतीतून पाचशे काढले. "मामेभावाचं लग्न असलं तर पाचशेत भागत नाही, सर." बचतीचा रकाना मी मुकाट्याने पुसला.

मोबाईलला मी महिन्याचा एक रिचार्ज धरला होता. शेवटच्या बाकावरून एरवी फक्त जांभया ऐकू येतात. तिथून आवाज आला, "रिचार्ज २८ दिवसांचा असतो, सर. वर्षाला १३ पडतात." नवाच्या पाढ्यात सत्तावीसच्या पुढे न सरकणाऱ्या या पोराने ३६५ भागिले २८ तोंडी केलं होतं! मी वर्षभर घसा फोडून जे जमलं नाही, ते मोबाईल कंपन्यांनी करून दाखवलं.

मग मी माझं हुकमाचं पान काढलं, ७२ चा नियम. ७२ ला व्याजदराने भागायचं, साधारण तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. ६ टक्क्यांनी १२ वर्षं. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, पटलं.

"सर, १२ वर्षांनी वडापाव केवढ्याला?"

झालं, महागाई आली. हिशोब सोपा पडावा म्हणून तीही ६ टक्केच धरली.

"म्हणजे पैसे दुप्पट, वडापावही दुप्पट. मग मधली १२ वर्षं मी वडापाव का नाही खायचा?"

घंटा व्हायला अजून वीस मिनिटं होती.

विषय बदलावा म्हणून सांगितलं, की दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतःच्या सहीने चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना तशी मुभा दिलीय. खात्याचं कोणाला काही पडलं नव्हतं. त्यांनी उचलली ती सही. उरलेला तास सगळा वर्ग वह्यांच्या मागच्या पानावर सह्या करत बसला. एकाची सही तर समासातून निघून शेजाऱ्याच्या वहीत संपत होती.

गृहपाठ दिला, घरचा महिन्याचा जमाखर्च लिहून आणा. सोमवारी वह्या तपासताना एका वहीत 'शिल्लक' या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात होतं:

'आई : हळदीच्या डब्यामागे ४,५०० (बाबांना माहीत नाही). बाबा : स्कूटरच्या डिकीत १,७०० (आईला माहीत आहे).'

हिशोब बरोबर होता. दहापैकी दहा दिले, खाली 'पालकांची सही घ्यावी' असंही नेहमीच्या सवयीने लिहिलं. सही बाबांनी केली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई हजर.

"सर, तुमच्या गृहपाठापायी माझे साडेचार हजार ह्यांच्या गाडीच्या सर्व्हिसिंगला गेले."

मी अपराधी चेहऱ्याने, पण साक्षरता न सोडता म्हणालो, "वहिनी, पैसे डब्यामागे ठेवूच नयेत. बँकेत टाका. व्याज मिळतं, शिवाय ५ लाखांपर्यंत ठेवीला विमाही असतो."

"खातं आहे की. पण बँकेचा मेसेज ह्यांच्या मोबाईलवर येतो."

माझ्या टाचणात यावर काही नव्हतं. शेवटच्या बाकावरचा तो १३ रिचार्जवाला दारात घुटमळत होता. तो म्हणाला, "काकू, आमची आई भिशीत टाकते. तिथून मेसेज येत नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि त्याला विचारलं, "महिन्याला किती भरावे लागतात रे?"