आजी पुण्यात आहे म्हणून ऑफर नाकारू नका

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना संरक्षण क्षेत्रातल्या नोकऱ्यांपासून आपणच लांब ठेवतोय, तेही ऐकीव गोष्टींवर विसंबून. यातल्या बऱ्याच नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लीअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, लागते. "सिक्युरिटी क्लीअरन्स लागतो? मग नकोच. आजी पुण्यात, मामा खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला, शिवाय तुझं ओसीआय. कोण देणार तुला?" (ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड, नागरिकत्व नव्हे.) इथे मेरीलँडमध्ये हे संवाद मी इतक्यांदा ऐकलेत की आता लिहायलाच हवं. ओळखीतल्या एका हुशार मुलीने आलेली ऑफर याच भीतीपायी नाकारली. फॉर्म उघडूनसुद्धा पाहिला नाही. मला फार वाईट वाटलं.

क्लीअरन्ससाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर, अगदी विरळ अपवाद सोडले तर, काही होत नाही. पुढची छाननी १३ निकषांवर होते. पूर्वी दुसऱ्या देशाचा चालू पासपोर्ट जवळ असणं हीच मोठी अडचण असायची आणि तो जमा करावा लागायचा. जून २०१७ पासून नियम बदलले. आता केवळ दुहेरी नागरिकत्व आहे म्हणून कुणाला अपात्र ठरवत नाहीत. ते लपवलं, किंवा त्यातून हितसंबंधांचा खरा पेच निघत असेल, तर मात्र प्रश्न येतो.

आणि आपल्यापैकी बहुतेकांना दुहेरी नागरिकत्व नाहीच, कारण भारत ते देत नाही. ओसीआयवाल्याला भारतात मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे सगळं तपास अधिकाऱ्याला सांगता येतं, आणि सांगावं. गोव्याकडच्या कुणी आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल, तर ते मात्र खरंखुरं दुसरं नागरिकत्व. तेही सरळ लिहायचं.

आपला खरा घोळ होतो तो नातेवाइकांच्या पानांवर. क्लीअरन्सच्या एसएफ-८६ या फॉर्ममध्ये आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे या सगळ्यांचे पत्ते, जन्मतारखा, नोकऱ्या, आणि कुणाचा सरकारशी, लष्कराशी, संरक्षण उद्योगाशी संबंध आहे का, हे विचारतात. मामा, आत्या, चुलतभाऊ त्या यादीत नाहीत. पण गेल्या ७ वर्षांत त्यांच्याशी जवळचा किंवा सततचा संपर्क असेल, तर ते पुढच्या भागात येतात. फॅमिली ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग टाकणारा आणि दिवाळीत ज्याच्या घरी उतरतो तो मामा आलाच म्हणायचा. त्याला गाळू नका! निवृत्त कामगार असणं ही अडचण होण्याची शक्यता कमी. तो होता आणि लिहिला नाही, हे मात्र प्रामाणिकपणाच्या वेगळ्या निकषाखाली जातं आणि तिथून सुटणं फार अवघड. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तर गुन्हाच.

जन्मतारखांचीही गंमत नाही, डोकेदुखी आहे. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेले किती आजीआजोबा आहेत! कागदावरची तारीख द्या, शंका असेल तिथे अंदाजे असल्याची खूण करायची सोय आहे.

आणखी एक, जे कुणाच्या लक्षातच येत नाही: सातबारा. वडील आधीच गेलेले, मग आजोबा गेले, तलाठ्याकडे वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि अमेरिकेतल्या नातीचं नावही चुलत्यांच्या रांगेत लागलं. तिला पत्ताच नसतो. फॉर्ममध्ये परदेशात कधी जमीन-घर होतं का, पुढे मिळण्याची अपेक्षा आहे का, हेही विचारतात. तेव्हा आधी गावाकडे फोन करून उतारा मागवा. हक्कसोड करायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. आईला दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही लिहायचं.

सरकारने हे विचारू नये असं मला मुळीच वाटत नाही. परदेशातल्या माणसाला धरून इथल्या माणसावर दबाव आणता येतो, म्हणून विचारतात. मला चीड येते ती "वर्षभर आजीला फोन करू नकोस" असल्या सल्ल्यांची. ७ वर्षांचा हिशेब मागणाऱ्यांसमोर वर्षभराच्या अबोल्याने काय साधणार? घरच्या माणसांवर माया असणं हे निर्णय देणारेही स्वाभाविकच मानतात, अगदी सासरच्यांवरसुद्धा. त्यांना पाहायचं असतं की तुमची मुळं इथे किती खोल आहेत: घर, नोकरी, मुलं, इथली वर्षं.

खात्री कुणीच देऊ शकत नाही. शंका उरली तर निर्णय देशाच्या बाजूने जातो, आणि क्लीअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटलंय. पण संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंत्राटी कंपन्यांतल्या लोकांना आक्षेपांचं लेखी पत्र येतं, उत्तर देता येतं, सुनावणी मागता येते. त्या सुनावण्यांचे निकाल नावं काढून ऑनलाइन ठेवलेले असतात. भारतात आईवडील असलेल्यांचेही त्यात आहेत, काही मिळालेले, काही नाकारलेले. ऑफर नाकारण्याआधी मुलांसोबत बसून त्यातले चारदोन वाचा. कुठे शोधायचे ते कळत नसेल तर मला मेसेज करा, मी पाठवते.