केचपच्या बाटल्या

परवा 'द ब्लाइंड साइड' पुन्हा पाहिला. २००९ चा सिनेमा: गोऱ्या अमेरिकन कुटुंबाने घरात घेतलेल्या काळ्या मुलाची, पुढे अमेरिकन फुटबॉलपटू झालेल्या मायकेल ओहरची खऱ्या आयुष्यावरून घेतलेली गोष्ट. पहिल्यांदा बघताना ढसाढसा रडले होते, ते आधीच कबूल करते. या खेपेला मात्र केचपच्या बाटल्यांपाशी घोडं अडलं.

गोऱ्या घरातलं शेंडेफळ टेबलावर बाटल्या मांडून धिप्पाड, काळ्या मायकेलला अमेरिकन फुटबॉलचे डाव समजावतंय आणि तो शहाण्या बाळासारखा बघत बसलाय. खऱ्या मायकेल ओहरने २०११ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की बाबांनो, मला खेळ आधीपासून कळत होता, मला असं मठ्ठ का दाखवलं? आता काय सांगायचं! पोरगा हुशार निघाला तर आईने मैदानात उतरून त्याला शिकवायचं काय? ऑस्कर तिच्या भूमिकेला मिळालं, सँड्रा बुलकला.

पुढे २०२३ मध्ये ओहर टेनेसीच्या कोर्टात गेला. मला कधी दत्तक घेतलंच नव्हतं, म्हणाला. २००४ मध्ये, अठरा वर्षांचा झाल्यावर, त्याचे व्यवहार दुसऱ्यांच्या हाती देणारी कॉन्झर्व्हेटरशिप तेवढी झाली होती. कोर्टाने ती २०२३ मध्येच संपवली. आपल्या नावावर पैसे कमावल्याचे त्याचे आरोप कुटुंबाला मान्य नाहीत. तो हिशेब त्यांचा त्यांनी करावा. पण दत्तक या एका शब्दावर आपण सगळ्यांनी रुमाल भिजवले होते की नाही?

'लायन' (२०१६) मला आवडतो. भारतात हरवलेला मुलगा ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या जोडप्याकडे दत्तक जातो, त्याची गोष्ट. पहिला अर्धा भाग तर पूर्ण त्या हरवलेल्या पोराच्या उंचीवरून दिसतो. पण ऑस्ट्रेलियातली आई सांगते ना, की बारा वर्षांची असताना तिला सावळ्या रंगाचं मूल डोळ्यांसमोर दिसलं होतं, तिथे मी थबकते. निकोल किडमन ते इतकं जीव ओतून बोलते की शंका घेणंही पाप वाटावं. तरी येतेच मनात: तिला तो रंग दिसला, पण तो रंग घेऊन गोऱ्या गावात शाळेत जायचं होतं ते त्या पोराला. आणि दुसरा दत्तक मुलगा मंतोष, ज्याला एवढं प्रेम मिळूनही घर सोसत नाही, त्याला सिनेमा घाईघाईत ओलांडतो. मला खरं तर त्याचाच सिनेमा बघायचा होता.

पदरात घेणारीचा पदर दिसतो, आतलं मूल दिसत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच.

म्हणून 'सीक्रेट्स अँड लाइज' (१९९६) बघाच. यात वाढवणारे आईबाप काळेच आहेत. गोरी आहे ती जन्मदाती सिंथिया, आणि दत्तक गेलेली मुलगी हॉर्टेन्स काळी. रिकाम्या कॅफेत दोघी टेबलाच्या एकाच बाजूला बसतात आणि कॅमेरा मिनिटामागून मिनिटं हलत नाही. सिंथिया छातीठोक सांगते, काळ्या माणसाशी माझा कधी संबंधच आला नाही. मग काहीतरी आठवतं, आवाज फुटतो आणि ती तोंड फिरवून रडू लागते. शेजारी हॉर्टेन्स गप्प. दोघींचे चेहरे पडद्यावर एकाच मापाचे.