फेस प्यायला पुणं गाठायचं!

दरवर्षी मित्र म्हणतात, "भावा, पुण्यात बिअर फेस्टिव्हल हाय, चल." आणि दरवर्षी मी येडा कोल्हापुरातनं 230 किलोमीटर तुडवत जातो. गेटवर तिकीट, आत मनगटाला पट्टा, त्या पट्ट्यात पैसे भरायची वेगळी रांग. उरलेले परत? विसरा! वर वयाचा पुरावा. 21 ची अट बरोबर हाय, पण माझं टक्कल बघून तरी सोडा की राव! जर्मनीत म्युनिकच्या बिअर फेस्टिव्हलला म्हणं लिटरभराचा काचेचा मग देतात. इथं प्लॅस्टिकचा ग्लास, खाली चार बोटं बिअर, वर सहा बोटं फेस. तीबी कोमट. चिखलात चप्पल रुतली ती वेगळीच.

पुढच्या वर्षीचा मेसेज आत्ताच ग्रुपवर आलाय. अंगठा पाठवून बसलोय.