रोबोटिक्सच्या मार्गदर्शकांना चार हिताच्या गोष्टी

आपल्या सोसायटीतल्या मुलांच्या रोबोटिक्स संघाचे मार्गदर्शकपद आपण स्वीकारले असेल, तर आपले अभिनंदन. आता पहिले काम म्हणजे मुलांना रोबोटपासून लांब ठेवणे. काम मुलांनीच करावे, मोठ्यांनी केवळ मार्ग दाखवावा, अशी फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेची अपेक्षा आहे. पण अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर्षानुवर्षे एक्सेलचे तक्तेच भरत आलेल्या माणसाचे हात कसे शिवशिवतात, याची त्या लोकांना कल्पना नसावी.

मुलांवर सोपवले, तर कोणता गिअर लावावा यावर ती दोन रविवार भांडतील, शेवटी चुकीचाच लावतील आणि रोबोट वळणावर कलंडला की का कलंडला ते शोधत बसतील. त्यापेक्षा शनिवारी जेवणे उरकल्यावर आपणच सगळा सांगाडा उकलून नव्याने बांधावा, मुलांनी पडद्यावरचे ठोकळे जोडून केलेला प्रोग्राम पुसून पायथन या संगणकाच्या भाषेत लिहावा आणि सकाळी ‘तुमच्याच कल्पनेला जरा आकार दिला’ असे सांगावे. मुले समजूतदार असतात; ती टाळ्या वाजवतात.

स्पर्धेच्या दिवशी मात्र थोडी अडचण येते. रोबोट ज्यावर धावतो त्या आठ फूट बाय चार फुटांच्या टेबलाशी मोठ्यांना उभे राहता येत नाही आणि फेरी असते अवघ्या अडीच मिनिटांची. रोबोटच्या सेन्सरने उजेड मोजून पांढऱ्यावरची काळी रेषा ओळखावी म्हणून घरच्या ट्यूबलाइटखाली आपण ठरवलेले काळ्या-पांढऱ्याचे आकडे सभागृहाच्या झगझगीत दिव्यांखाली चुकतात, सेन्सरला रेषा दिसेनाशी होते आणि रोबोट टेबलाची कड गाठून तिथेच चाके फिरवत राहतो. आकडे कुठे बदलायचे ते मुलांना ठाऊक नसते, कारण ते आपण त्यांना कधी दाखवलेलेच नसतात. अशा वेळी कठड्यामागून हातवारे करावेत. पंचांनी पाहिलेच, तर डास मारल्यासारखे दाखवावे.

परीक्षकांसमोरच्या उत्तरांचे पाठांतर वक्तृत्व स्पर्धेइतक्याच निष्ठेने करून घ्यावे. तरीही एखादा खवचट परीक्षक मागची चाके लहान का, असे विचारतो आणि पाचवीतला मुलगा निरागसपणे ‘ते काकांना माहीत’ म्हणून मोकळा होतो. त्याला पुढच्या वर्षी संघात घेऊ नये.

काही मार्गदर्शक प्रश्नाला उलट प्रश्न विचारून चहा पीत बसतात. त्यांच्या संघाचा रोबोट रबरबँडांनी बांधलेला, ओबडधोबड असतो आणि बिघडला की मुले स्वतःच तो खोलतात. हे पाहवत नाही. (त्यांना बक्षीस मिळाल्यास परीक्षणाच्या दर्जाविषयी पालकांच्या ग्रुपवर चिंता व्यक्त करावी.)

आपल्याही संघात एखादी मुलगी अशी निघते, की सराव फेरीच्या आधी टेबलावर वाकून सेन्सरचे आकडे स्वतः वाचते आणि ‘काका, इथला उजेड वेगळा आहे, मी बदलू का?’ असे विचारते. तिला तत्काळ पोस्टर रंगवायला बसवावे. ‘आमचे मार्गदर्शक’ या शीर्षकाखाली आपला फोटो कुठे चिकटवायचा, एवढा निर्णय तिच्यावर सोपवायला हरकत नाही.