स्क्रीनवर बरोबर, जॉबवर टेपर मोठा: कंटूर प्रोग्रामिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कंटूर प्रोग्रामिंगवरच्या, म्हणजे सीएनसी मशीनच्या स्क्रीनवर जॉबचा आकार भरून प्रोग्राम करण्यावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी ते थोडक्यात मांडतो. पहिला, मशीनच्या स्क्रीनवर आकार काढून प्रोग्राम करणं ही जी-कोड (मशीनच्या आज्ञांची भाषा) न येणाऱ्यांची कुबडी आहे. दुसरा, लेखातला ३० अंश टेपरचा (निमुळत्या उताराचा) शाफ्ट तुम्ही मी सांगितल्याप्रमाणेच काढलात, सिम्युलेशन तंतोतंत दिसलं, पण जॉबवर टेपर व्यासात ०.६ ते ०.७ मिमी मोठा आला. म्हणजे चित्रावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. तिसरा, आता कॅम (संगणकावर प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) आहे, डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) थेट आत घेता येते, मग मशीनसमोर उभं राहून रेषा कशाला काढायच्या?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात जॉब अडकलाय आणि त्यात लेखाची चूकही आहे.

लेखातला जॉब असा होता. व्यास ४० चा सरळ भाग, तो झेड -३० ला (झेड म्हणजे शाफ्टच्या लांबीवरचं अंतर, एक्स म्हणजे व्यास) टेपरला भेटतो, टेपर अक्षाशी ३० अंशांत चढत व्यास ६० पर्यंत जातो, आणि ४० च्या बाजूच्या कोपऱ्यात आर २० चा फिलेट (२० मिमी त्रिज्येची गोलाई). तुम्ही ०.८ नोज रेडियसचा (टोकाची गोलाई ०.८ मिमी) इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) लावला होता, असं लिहिलंय. तेवढ्या माहितीवरून तुमचा ०.६-०.७ कुठून आला ते काढता येतं.

टूल सेट करताना आपण इन्सर्ट एक्समध्ये व्यासाला आणि झेडमध्ये फेसला टेकवतो. त्या दोन स्पर्शांवरून कंट्रोलर ज्या टोकाला ‘टूल’ समजतो, ते टोक प्रत्यक्षात नसतंच. तिथे हवा असते. इन्सर्टचा गोल भाग त्याच्या आत असतो. सरळ व्यास आणि सरळ फेस कापताना याने काही बिघडत नाही, कारण गोलाईचा जो बिंदू टेकवला होता तोच कापतो. उतार आला की मात्र कापणारा बिंदू बदलतो आणि काल्पनिक टोक रेषेवरून चालत असलं तरी इन्सर्ट रेषेपासून दूर राहतो. ३० अंशांच्या चढत्या टेपरवर ०.८ नोजने हे अंतर उताराला काटकोनात ०.२९ मिमी पडतं. त्याच झेडला त्रिज्येत मोजलं तर ०.३४, आणि व्यासात ०.६८. तुमचा आकडा हाच आहे.

म्हणजे कंटूर बरोबर होता, नोज रेडियसची भरपाई झाली नाही. मग स्क्रीनवर ते दिसलं का नाही? कारण सिम्युलेशन टूल टेबलमधली (कंट्रोलरमधल्या टूलच्या मापांच्या यादीतली) त्रिज्या घेतं. टेबलमध्ये त्रिज्या शून्य असेल तर स्क्रीनवरचं टूल सुईसारखं टोकदार असतं, आणि टोकदार टूलने आकार तंतोतंतच निघतो. चित्राला टेबलमध्ये जे भरलंय तेवढंच ठाऊक असतं. हे लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. मी ‘टूल निवडा’ एवढंच लिहून पुढे गेलो, ही त्रुटी माझी. लेखात दुरुस्ती केली आहे.

माझं निदान तपासायचं असेल तर तोच जॉब पुन्हा मोजा. ४० आणि ६० हे दोन्ही व्यास आणि फेसची लांबी बरोबर मिळेल. टेपर ०.६८ ने मोठा असेल. टोकाला १ × ४५ अंशांचा चॅम्फर असेल तर तो १ ऐवजी जेमतेम ०.५३ भरेल. आणि आर २० चा फिलेट २०.८ निघेल. या शेवटच्याची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंना स्पर्शिकेतच असतो. कुठे रेघ नाही, कड नाही, बोट फिरवलं तरी काही लागत नाही. सरळ भाग मापात आणि फक्त उतार व गोलाई चुकलेली, ही नोज रेडियसची भरपाई न झाल्याची खूण आहे. ऑफसेट चुकला असता तर सगळेच व्यास सारखे सरकले असते.

सुदैवाने या चुकीत कापायचं राहिलेलं असतं, जास्त कापलेलं नसतं. जॉब अजून मोडीत काढला नसेल तर भरपाई चालू करून फिनिश कट पुन्हा घ्या, तो वाचेल. (चकच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाच्या, दिशेने आत उतरणारा उतार असेल तर नेमकं उलटं होतं. १५ अंशांच्या उतरत्या उतारावर ०.८ चा नोज ०.२३ मिमी आत घुसतो, आणि ते मटेरियल परत येत नाही. अंडरकट असलेल्या जॉबवर हे आधीच तपासा.)

भरपाई चालू करणं कंट्रोलरप्रमाणे बदलतं. सीमेन्सच्या सिनुमेरिक कंट्रोलरवर कंटूर सायकल ६२ ने बोलावून सायकल ९५२ ने टर्निंग करत असाल तर भरपाई सायकल स्वतःच करते, जी ४२ (भरपाई चालू करण्याची आज्ञा) लिहावं लागत नाही. पण त्यासाठी टूल टेबलमध्ये त्रिज्या ०.८ आणि कटिंग एजची दिशा ३ (बाहेरून, चककडे जाणारं टूल) भरलेली हवी. फॅनुक कंट्रोलरवर ऑफसेटच्या पानावर आर च्या रकान्यात ०.८ आणि टी च्या रकान्यात ३, शिवाय प्रोग्राममध्ये जी ४२. आणि एक लक्षात ठेवा: बऱ्याच फॅनुक कंट्रोलवर जी ७१ च्या रफिंगमध्ये (आधीच्या जाडसर कापण्यात) ही भरपाई धरलीच जात नाही, ती जी ७० च्या फिनिशला लागू होते. त्यामुळे रफिंगनंतर टेपरवर फिनिशला ठरवल्यापेक्षा जास्त मटेरियल उरतं. ०.३ ठेवलं असं आपण समजतो आणि उतारावर फिनिश टूलला त्याच्या दुप्पट लागतं. तिथेच पृष्ठभाग खराब होतो.

आता ‘कुबडी’बद्दल. हाच शाफ्ट हाताने लिहायचा तर काय करावं लागतं ते पाहू. ड्रॉइंगवर फिलेट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दिलेलं नाही. डिझाइनरला त्याची गरजही नसते. स्पर्शिकेची लांबी म्हणजे २० गुणिले टॅन १५, ५.३५९. म्हणून फिलेटची सुरुवात झेड -२४.६४१. शेवट एक्स ४५.३५९, झेड -३४.६४१. टेपर ६० ला पोचतो तो झेड -४७.३२१ ला. चार आकडे, त्रिकोणमिती सोपी, ज्याला येते त्याला पाच मिनिटांचं काम. हे आलंच पाहिजे, यात तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. पण हे आकडे ड्रॉइंगवर नाहीत, हा खरा मुद्दा आहे. ते आपण तयार केले. उद्या ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली आणि ३० अंशांचे २५ झाले, तर चारही आकडे बाद. जो माणूस फक्त एक बदलेल आणि बाकीचे विसरेल, त्याच्या कंसाचे शेवट जुळणार नाहीत. मग फॅनुक त्रिज्येच्या फरकाचा अलार्म २० देईल किंवा सिनुमेरिक १४०४० देईल. फरक पॅरामीटरच्या मर्यादेत बसला तर अलार्मही येणार नाही, जॉबवर बारीक कड तेवढी दिसेल.

कंटूर एडिटरमध्ये तुम्ही भरता ते असं: सुरुवात एक्स ४०, आडवी रेषा झेड -३० पर्यंत, पुढच्या घटकाशी जोड आर २०, मग तिरकी रेषा, एक्स ६०, कोन ३०. बस. प्रत्येक आकडा ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवता येतो. म्हणून मी याला चित्र काढणं मानत नाही. ड्रॉइंगची मापं जशी दिलीत तशी कंट्रोलरच्या हवाली करणं मानतो. आणि हे जी-कोडच्या विरुद्ध आहे असंही नाही. फॅनुकवर ड्रॉइंगची मापं थेट लिहायची सोय असेल तर हेच दोन ब्लॉकमध्ये बसतं: झेड -३०. स्वल्पविराम आर २०. आणि पुढच्या ओळीत एक्स ६०. ए १५०. (कोन झेडच्या अधिक दिशेपासून मोजतात, म्हणून ३० नाही, १५०.)

चुका होतात त्या तीन ठिकाणी. सगळ्यात जास्त होते ती जादा माहिती देण्याची. कोन ३० दिला, एक्स ६० दिला, आणि ड्रॉइंगवर कंसात लिहिलेली ४७.३ ही संदर्भ लांबीही भरली. आता तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण खरी लांबी ४७.३२१ आहे. कंट्रोलर किंमत नाकारतो आणि ऑपरेटर वैतागून ‘मागच्या घटकाला स्पर्शिका’ ही अट किंवा कोन काढून टाकतो. आकार स्क्रीनवर बंद होतो, दिसतोही ठीक, पण डिझाइनरने दिलेली अट गेली आणि संदर्भाचं माप खरं ठरलं. कंट्रोलर किंमत घेत नसेल तेव्हा आधी पाहायचं की त्या घटकाला गरजेपेक्षा जास्त माप दिलंय का.

दुसरी चूक, दोन उत्तरांमधून चुकीचं निवडण्याची. मिलिंगचं उदाहरण घ्या. एक्स ० वाय ० ला आर २५ चा गोल, आणि त्याला स्पर्श करून निघालेली रेषा एक्स ६५ वाय ० या बिंदूला जाते. स्पर्शबिंदू दिलेला नाही. तो एक्स ९.६१५ आणि वाय २३.०७७, किंवा वाय -२३.०७७. गणिताला दोन्ही सारखेच खरे. हायडेनहाइनच्या आयटीएनसी ५३० या कंट्रोलरवर एफके प्रोग्रामिंगमध्ये (ड्रॉइंगच्या मापांवरून कंटूर भरण्याच्या पद्धतीत) असा घटक हिरवा दिसतो, म्हणजे एकाहून जास्त उत्तरं आहेत, निवडा. निळा म्हणजे पक्का ठरलेला. लाल म्हणजे माहिती अपुरी. (नंतरच्या कंट्रोलवर रंगांचे अर्थ थोडे बदलले आहेत, तिथे मॅन्युअल पाहा.) हिरवा घटक तसाच ठेवून पुढे जाण्याचा मोह टाळा. कंसाची दिशा भरली की प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो: गोलावरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे येत असाल तर रेषा वरूनच निघू शकते, खालून नाही. सिनुमेरिकवर हीच निवड ‘डायलॉग’च्या बटणाने करतात. तिथे घाईत पहिलंच उत्तर स्वीकारलं जातं, आणि त्यावर पुढचे पाच घटक रचले जातात.

तिसरी चूक माप निवडण्याची. ड्रॉइंगवर ४० h7 (लहान एच, शाफ्टची टॉलरन्स) असेल तर तो व्यास ३९.९७५ ते ४०.००० आहे. कंटूरमध्ये ४० भरून नंतर वेअर ऑफसेटने (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीने) उतरवला तर त्या टूलने कापलेला प्रत्येक व्यास तेवढाच उतरतो, त्यात अधिक टॉलरन्सचा शेजारचा व्यासही आला. कंटूरमध्येच मधलं माप ३९.९८८ भरा. स्पर्शबिंदू, टेपरची सुरुवात हे सगळं त्यानुसार कंट्रोलर पुन्हा काढतो. हाताने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हे कोणी करत बसत नाही.

तुमच्या डीएक्सएफच्या मुद्द्याला याच कारणाने मी पूर्ण होकार देत नाही. डीएक्सएफमध्ये नाममात्र आकार असतो, मधलं माप नसतं. शिवाय काही ड्रॉइंगमध्ये माप खोडून वर नवा आकडा लिहिलेला असतो आणि खालची रेषा जुन्याच लांबीची असते. आयात होते ती रेषा, आकडा नव्हे. स्प्लाइनचे शेकडो बारीक तुकडे, एकावर एक दोन रेषा, टोकांमध्ये ०.०१ ची फट, हे रोजचे प्रकार. आयात जरूर करा, पण नंतर दोन-तीन मापं ड्रॉइंगशी ताडून पाहा.

कॅमबाबत तुम्ही बरोबर आहात, आणि लेखात मी ते कमी लिहिलं. मोल्डचे त्रिमिती पृष्ठभाग, पाच अक्षांचं काम, किंवा वेगवेगळ्या कंट्रोलच्या मशीनवर फिरणारा जॉब, इथे मशीनवर आकार काढत बसणं चूक आहे. दोन-चार नग, टर्निंगचा प्रोफाइल किंवा साधा बंद खिसा (पॉकेट) असेल तर मात्र कॅममधून पोस्ट करून (मशीनच्या कोडमध्ये बदलून) फाइल आणेपर्यंत कंटूर तयार होतो. आणि आकार भरेपर्यंत मशीन थांबतं हा नेहमीचा आक्षेप दुसरा जॉब चालू असताना एडिट करता येणाऱ्या कंट्रोलला लागू होत नाही.

खिशाचा विषय निघालाच आहे, तर आतल्या आर ५ च्या कोपऱ्याला १० चा कटर लावू नका. गणितात बसतो, पण कोपऱ्यात त्याचा मध्य एका बिंदूवर थांबून वळतो, कटर एकदम पाव परिघाला लागतो आणि थरथरतो. ८ चा घ्या. १२ चा लावलात तर फॅनुकवर अलार्म ४१ येईल, तो आकारातल्या चुकीचा नाही, कटरच्या निवडीचा आहे.

आता तुमच्या जॉबकडे. कंटूरला हात लावू नका. टूल टेबलमध्ये त्रिज्या ०.८ आणि दिशा ३ भरा, सिम्युलेशन पुन्हा चालवा आणि टूलचं टोक मोठं करून गोल दिसतंय का ते पाहा. मग फक्त फिनिश कट घ्या. टेपर झेड -४० ला मोजा, तिथे व्यास ५१.५४७ हवा. तो आला तर कारण सापडलं. ०.६८ चा फरक गेला आणि ०.०२-०.०३ चा उरला, तर इन्सर्टचा नोज प्रत्यक्षात ०.८ आहे का आणि टूल मध्यरेषेच्या उंचीवर आहे का, या दोन गोष्टी पाहा. काहीच फरक पडला नाही, तर सायकल ज्या टूल नंबरची ओळ वाचतेय ती तुम्ही भरलेली ओळ नाही. टी नंबर आणि एज नंबर दोन्ही जुळवून पाहा आणि इथे लिहा.