फक्त एक स्वल्पविराम

मी नक्की काय काम करतो, हे सासुरवाडीत अजून कुणाला पटलेलं नाही. सॉफ्टवेअर करतो म्हणावं, तर ते बाकीची पोरं करतात. विकतो म्हणावं, तर ते साहेब विकतात. सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते लिहून ठेवायचं आणि इतरांनी त्यात हात घातला की परत लिहायचं, याला कुणी पगार देतं यावर सासऱ्यांचा विश्वास बसत नाही. त्यांचा उभा जन्म कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गेला. तिथं मशीन चालवायला पुस्तक लागत नाही, मिस्त्री लागतो.

आमचं ऑफिस राजारामपुरीत. फौंड्रीतल्या भट्टीचा, वजनाचा आणि रिजेक्शनचा हिशेब ठेवणारं टूल आम्ही करतो. फौंड्रीत ते विंडोजवर चालतं, आमची पोरं ते लिनक्सवर लिहितात आणि साहेब मॅकवर उघडून 'छान दिसतंय' म्हणतात. मॅन्युअल मात्र तिघांत एकच. गिटवर, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ठेवलेल्या मार्कडाउनच्या साध्या मजकुराच्या फाइली, आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला त्यात बदल करायची मुभा. ही मुभा देण्याची कल्पना साहेबांची. निस्तरायचं खातं माझं.

एकदा सपोर्टच्या पोरानं विंडोजवर भट्टीच्या प्रकरणाची फाइल उघडली, एक स्वल्पविराम टाकला आणि सेव्ह केली. गिट म्हणालं, अख्खी फाइल बदलली.

"सर, आईशप्पथ, फक्त एक स्वल्पविराम टाकलाय."

खरंच बोलत होता बिचारा. टेलिप्रिंटरच्या जमान्यात ओळ संपली की दोन कामं असायची: छापणारा गाडा परत डावीकडे न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन्हींच्या खुणा वेगळ्या. टेलिप्रिंटर कधीच भंगारात गेले, पण विंडोज अजून ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा इमानानं टाकतं. लिनक्स आणि हल्लीचा मॅक एकीवर भागवतात. माणसाच्या डोळ्याला फरक काहीच नाही, गिटला मात्र प्रत्येक ओळ नवी कोरी. यावर उपाय आहे. गिटॲट्रिब्यूट्स नावाच्या फाइलीत एक ओळ लिहिली की पुढचा ताप वाचतो, आणि ती मी लिहिली. पण जी फाइल बदलून बसली होती तिचं काय? कुठली ओळ शेवटी कुणी बदलली हे सांगणारी 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. ती भट्टीच्या प्रकरणात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्या एकट्याचंच नाव दाखवायला लागली. फाइल पुन्हा सरळ करावी, तर सगळ्या ओळी माझ्या नावावर चढणार. मी तिला हात लावला नाही. पगारवाढीच्या वेळी त्यानं हा पुरावा साहेबांपुढं ठेवला. वाढ मिळाली.

टेस्टिंगच्या मॅडमचं वेगळंच. त्या मजकूर आधी वर्डमध्ये लिहितात, कारण तिथं स्पेलिंग तपासून मिळतं. वर्डला मात्र स्पेलिंगपेक्षा सौंदर्याची हौस जास्त. कमांडमधल्या शेजारी-शेजारी दोन आडव्या रेघा दिसल्या, की त्यांची तो एक ऐटबाज लांब रेघ करून टाकतो. मग गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून फोन.

"सायेब, हाय तसंच टाकलंय, तरी नाही म्हणालंय."

"दोन रेघा टाकल्या का?"

"हितं एकच हाय. पण लांब हाय."

मराठी आवृत्ती साहेबांच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी तपासून दिली. शुद्धलेखन इतकं चोख, की ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडायची नाही. ओघात त्यांनी सगळे इंग्रजी आकडेही मराठी केले. त्यात पोर्ट नंबर आला, म्हणजे सर्व्हरचा दार क्रमांक. सेटिंगच्या फाइलीत ८०८० लिहिलं तर गोंधळ होईल, असं कुणालाही वाटेल. पण आमचा प्रोग्रॅम पायथन या भाषेत लिहिलेला, आणि पायथनला देवनागरी आकडे व्यवस्थित कळतात! सर्व्हर मुकाट्यानं चालू झाला. तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकला तेव्हा मात्र ब्राउझरला तो पत्ता वाटेना, त्यानं तो इंटरनेटवर शोधायला घेतला. एक शिकलेला, दुसरा अडाणी. मास्तरांना यात चूक कुणाची हे समजावून सांगायला मी गेलो नाही.

मॅकवर २०२२ साली 'सिस्टिम प्रेफरन्सेस'चं नाव 'सिस्टिम सेटिंग्ज' झालं आणि आतली मांडणीही पार बदलली. पाटीवर ताराराणी चौक असला तरी माणूस बोलताना कावळा नाकाच म्हणतो, आणि रिक्षावाला दोन्हीला नेऊन सोडतो. मॅन्युअल वाचणाऱ्याकडं हा समजूतदारपणा नसतो. त्याच्या स्क्रीनवर जे लिहिलंय तेच त्याला कागदावर हवं. मॅन्युअलमधल्या फोटोंचं तर विचारूच नका. फाइलीच्या नावात एखादं अक्षर कॅपिटल पडलं, तर विंडोज कानाडोळा करतं आणि लिनक्सचा सर्व्हर म्हणतो असा फोटोच नाही.

परवा उद्यमनगरात एका फौंड्रीत गेलो. भट्टीच्या पॅनेलशेजारी आमच्या मॅन्युअलचं जुनं पान लॅमिनेट करून टांगलेलं. त्यावर मार्करनं ठळक लिहिलं होतं: 'चौथी पायरी करायची नाही. डायरेक्ट पाचवी.'

"का हो?" मी मिस्त्रींना विचारलं.

"चौथी केली की बंद पडतंय. आता ते बदलू नका, पोरं ह्याच्यावरच शिकल्यात."

ऑफिसात येऊन चौथी पायरी उघडून बघितली. लिनक्सवर बिनचूक चालणारी आणि विंडोजवर हमखास आपटणारी. ही लिहिली कुणी, म्हणून गिट ब्लेम चालवलं आणि पगारवाढवाल्याला बोलावलं. त्यानं स्क्रीनवर स्वतःचं नाव बघितलं, शांतपणे चहाचा घोट घेतला.

"सर, मी फक्त स्वल्पविराम टाकला होता."