तो आलेख १८५५ सालीच थांबतो

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्या फोनवर सात वेळा आला. कॉलनीच्या गटावर, जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर आणि शेवटी सांगोल्याच्या मावसभावाकडून. त्याची डाळिंबाची बाग आहे. त्यानं खाली एक ओळ जोडली होती: "ताई, तुझ्या बर्फानंच सांगितलंय बघ." मी सोलापुरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते आणि ध्रुवावरच्या बर्फाचा भाग आला की जरा जास्तच रमते, हे त्याला माहीत आहे.

मजकूर थोडक्यात असा. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडच्या बर्फात लाखो वर्षांचं हवामान साठलेलं आहे. त्यात दिसतं की हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कारखाने नव्हते. त्यात दिसतं की आधी तापमान वाढतं आणि मग ८०० वर्षांनी कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणजे कार्बन हे कारण नव्हेच. गेल्या दहा हजार वर्षांतला बहुतेक काळ आजच्यापेक्षा उष्ण होता. पुराव्याला एक आलेख जोडलेला. ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त वायू सोडतात. बुडबुड्यांतल्या हवेवर तसाही भरवसा नाही. आणि शेवटी, बहुधा आपल्याकडच्याच कुणीतरी चिकटवलेलं: सोलापूर कायमच तापत आलंय, दुर्गादेवीचा दुष्काळ काय कारखान्यांनी आणला होता?

बुडबुड्यांपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. मजकूरसुद्धा. बुडबुडे खोटे असतील तर ८०० वर्षांचा आकडाही जातो; तो त्याच बुडबुड्यांतून निघालाय. दोन्ही एकाच वेळी म्हणता येत नाही.

फेब्रुवारी उलटला की आमच्या कॉलेजच्या कोपऱ्यावर रसवंती सुरू होते. तिथं गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी येते. त्यातला वीतभर तुकडा मी वर्गात नेते आणि मुलांना खिडकीशी उन्हात धरायला लावते. कडेचा बर्फ काचेसारखा नितळ असतो, मधोमध मात्र दुधाळ पांढरी शीर. ती शीर म्हणजे कोंडलेली हवा. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा मध्याकडे ढकलली जाते आणि तिथंच अडकते. ध्रुवावरचा बर्फ मात्र पाणी गोठून झालेला नाही. तिथं भुसभुशीत हिम पडतं, ते न वितळताच त्यावर पुढच्या वर्षाचं पडतं, आणि वरच्या ओझ्यानं खालचं दबत जातं. साधारण पन्नास ते शंभर मीटर खोलीवर कणांमधल्या फटी मिटतात आणि त्या फटींतली हवा बंद होते. लादीतली हवा पाण्यातून सुटलेली असते. ध्रुवावरच्या बुडबुड्यातली हवा म्हणजे त्या काळच्या वातावरणाचा नमुनाच.

तो नमुना खरा की खोटा, हे पडताळायची सोय आहे. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत लॉ डोम म्हणून जागा आहे. तिथं हिम भरपूर पडतं, त्यामुळे हवा लवकर बंद होते. तिथल्या बुडबुड्यांची नोंद १९७८ पर्यंत येते. १९५८ पासून तर हवाईच्या मौना लोआवर आणि खुद्द दक्षिण ध्रुवावर उपकरणांनी थेट हवा मोजली जातेय. दोन्ही नोंदी जिथं एकमेकींवर येतात, तिथं आकडे जुळतात. शंका घ्यायला जागा आहे ती ग्रीनलंडच्या बर्फात. तिथं धूळ जास्त, आणि त्यातल्या चुनखडीच्या कणांमुळे बर्फातल्या बर्फात कार्बन डायऑक्साइड तयार होऊ शकतो. म्हणूनच या वायूसाठी संशोधक अंटार्क्टिकाचाच बर्फ वापरतात.

आता ८०० वर्षं. मजकुरातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो कुणी मनानं रचलेला नाही. २००३ साली फ्रेंच संशोधकांनी रशियाच्या व्होस्टॉक तळावरच्या बर्फातून, सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचं हिमयुग संपतानाचा काळ तपासला. त्यात अंटार्क्टिकाचं तापमान आधी वाढलं आणि कार्बन डायऑक्साइड त्यानंतर ८०० वर्षांनी, दोनशे वर्षं इकडे-तिकडे. पण त्याच वाक्याचा उरलेला भाग मजकुरातून गळालाय: उत्तर गोलार्धातला बर्फ वितळला तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यानंतर. म्हणजे हा वायू मागून आला तो फक्त अंटार्क्टिकाच्या. उरलेल्या अर्ध्या जगाच्या तो पुढे होता.

असं का घडलं, तेही नीट समजलेलं आहे. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतो, ऊन कुठं किती पडतं ते बदलतं. हा पहिला धक्का. त्यानं समुद्र तापू लागतो, आणि तापलेल्या समुद्रात वायू टिकत नाही. गोटी सोड्याची एक बाटली उन्हात ठेवा, एक बर्फात, मग दोन्ही फोडून बघा. उन्हातली फसफसून अर्धी सांडते. समुद्रानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड मग उष्णता अडवतो, आणखी तापमान वाढतं, आणखी वायू सुटतो. कक्षेच्या एकट्या धक्क्यानं हिमयुग संपलं असतं, असं गणित बसत नाही. हिमयुग संपायला काही हजार वर्षं लागतात. त्यातली सुरुवातीची ८०० वर्षं दाखवून उरलेल्या हजारो वर्षांतलं या वायूचं काम झाकता येत नाही.

शिवाय हा ८०० चा आकडा पुढे आणखी तपासला गेला. बुडबुडा ज्या बर्फात आहे, त्या बर्फापेक्षा आतली हवा तरुण असते, कारण फटी मिटेपर्यंत वरची हवा आत-बाहेर करत राहते. व्होस्टॉकला हिम इतकं कमी पडतं की हा फरक काही हजार वर्षांचा होतो, आणि त्यातली थोडी चूकही क्रम उलटा दाखवू शकते. २०१३ साली दुसऱ्या गटानं नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड जातींच्या प्रमाणावरून, फटी कुठं मिटल्या ते जास्त नेमकं काढलं. गेल्या हिमयुगाच्या शेवटाला अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ बरोबरीनंच वाढलेले दिसले. त्याआधी २०१२ साली जगभरच्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या होत्या. त्यात साऱ्या जगाचं सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून चढताना दिसतं. मजकूर २००३ च्या अर्ध्या वाक्यावरच अडून बसलाय.

आजचं तर उलटंच आहे. आज समुद्र वायू सोडत नाहीये, माणूस जेवढा सोडतो त्यातला जवळपास चौथा हिस्सा समुद्र गिळतोय. आणि हवेत वाढलेला वायू कुठून आला, त्याची खूणही बुडबुड्यांत आहे. कोळसा आणि तेल मूळच्या वनस्पतींपासून झालेलं, त्यांच्यात जड जातीचा कार्बन, म्हणजे कार्बन-१३, कमी असतो. एकोणिसाव्या शतकापासूनच्या बुडबुड्यांत कार्बन-१३ चं प्रमाण घसरत गेलेलं दिसतं.

जोडलेल्या आलेखानं तर मला खरंच वाईट वाटलं, कारण मावसभाव त्यालाच फसला होता, आणि कुणीही फसेल. ग्रीनलंडच्या मध्यावर १९९३ साली ३,०५३ मीटर खोल छेद घेऊन बर्फाचा गाभा काढला, त्यावरून काढलेलं तापमान या आलेखात आहे. आलेख खरा आहे. डावीकडे मोठमोठे चढ, उजव्या टोकाला रेघ खाली, आणि तिथं कुणीतरी ठळक अक्षरांत 'आज' असं लिहिलंय. पण या विषयात 'आजपूर्वी' ही मोजणी १९५० सालापासून मागे करायचा रिवाज आहे, आणि या आलेखाचा शेवटचा बिंदू त्याच्याही ९५ वर्षं मागे आहे. १९५० वजा ९५ म्हणजे १८५५. सोलापुरात आगगाडी आली १८६० साली. म्हणजे आपल्या शहरात इंजिनाची शिट्टी वाजण्याआधी, गिरणीचा पहिला भोंगा होण्याआधी ही रेघ संपते. तिला 'आज' म्हणणं म्हणजे पणजोबांचा ताप बघून नातवाला औषध देणं. आणि हे साऱ्या जगाचं तापमान नव्हे, एका हिमशिखरावरचं आहे.

आठ-दहा हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाकडचे उन्हाळे उष्ण होते, हे खरं. तेव्हा कक्षेमुळे तिकडे उन्हाळ्यात ऊन जास्त पडत होतं. मग ग्रीनलंडच्या त्या रेघेला पुढं काय झालं? २०२३ च्या जानेवारीत उत्तर-मध्य ग्रीनलंडच्या नव्या गाभ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००१ ते २०११ हे दशक विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा दीड अंशानं उष्ण आणि गेल्या हजार वर्षांत सर्वांत उष्ण निघालं.

ज्वालामुखींचं थोडक्यात: माणूस वर्षाला सोडतो तो कार्बन डायऑक्साइड सगळ्या ज्वालामुखींच्या शंभर पटीपेक्षा जास्त आहे. १८१५ चा तांबोराचा उद्रेक दोन्ही ध्रुवांच्या बर्फात गंधकाच्या आम्लाचा ठसठशीत थर ठेवून गेला. कार्बन डायऑक्साइडच्या रेघेत मात्र त्या सालाला उडी नाही.

हवामान कायम बदलत आलंय, हा मुद्दा खोडायचं कारणच नाही. ते आपल्याला कळलं याच गाभ्यांमुळे. डोम सी या जागेवर युरोपच्या संशोधकांनी ३,२७० मीटर खाली जाऊन ८ लाख वर्षांची नोंद वर आणली. त्यात दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे रेणू हिमयुगात १८० च्या आसपास आणि उबदार काळात २८० च्या आसपास, असा खालीवर झोका आहे. ८ लाख वर्षांत तो ३०० च्या वर टिकलेला नाही. आज तो ४२० च्या वर आहे. १९५८ साली ३१५ होता. शंभराची जी वाढ पूर्वी हजारो वर्षांत व्हायची, ती माझ्या आईच्या हयातीत झाली. गेल्या हिमयुगातली सर्वांत वेगवान उडी पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलीय: ५५ वर्षांत १४. आज तेवढं पाच-सहा वर्षांत होतं. जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरचा आणखी जुना गाभा वर आलाय, किमान १२ लाख वर्षांचा. तो आता थोडा थोडा वितळवून वाचला जाईल.

राहता राहिलं सोलापूर. दुर्गादेवीचा दुष्काळ, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारं उघडली तो दुष्काळ, १८७६ चा, १९७२ चा: हे सगळे पाऊस न पडल्याचे दुष्काळ. १८७६-७७ आणि १९७२ ला प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं; तसं झालं की आपला पाऊस बरेचदा कमी पडतो. पाऊस पूर्वीही दगा द्यायचा, यावरून आज हवा का तापतेय याचं उत्तर मिळत नाही. उलट जमिनीत ओल कमी असताना वरून दोन अंश ऊन वाढलं की काय होतं, ते डाळिंबवाल्याला मी सांगायची गरज नाही.

अंटार्क्टिकाचा बर्फ सोलापूरचा अमुक सालचा मे किती तापला हे सांगत नाही. आपल्या पावसाचा जुना इतिहास जवळच शोधावा लागतो. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या तळाच्या गाळातून तो हजारो वर्षांमागे नेलेला आहे. पण एक धागा ध्रुवापर्यंत जातो. आशियाचा मोसमी पाऊस जोरात असला की उष्ण प्रदेशांतल्या दलदली भरतात, त्यांतून मिथेन वाढतो, आणि तो मिथेन अंटार्क्टिकाच्या बुडबुड्यांत सापडतो. आपला पाऊस तिथं लिहिला गेलाय. डोम सीच्या ८ लाख वर्षांत मिथेन शंभर कोटी रेणूंमागे साधारण ८०० च्या पुढे गेला नाही. आज तो १९०० च्या वर आहे.

मावसभावाला मी तोच आलेख परत पाठवला, उजव्या टोकाशी लाल गोल करून '१८५५' लिहिलेला. ज्यांच्या गटावर मूळ मजकूर आला असेल, त्यांनी बाकी काही नाही तरी हा गोल केलेला आलेख त्याच्या खाली टाकावा.